मेडिकलचं पहिलं वर्ष सुरू होण्याआधी काय वाचून ठेवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन आठवड्यांनी मेडिकलचं पहिलं वर्ष सुरू होतंय. शाळेपासून नंबर कधी खाली आलेला नाही. पण सोबत प्रवेश मिळालेल्यांपैकी काही जण म्हणे अ‍ॅनाटॉमीचं, म्हणजे शरीररचनेचं, जाडजूड पुस्तक आत्ताच अर्धं संपवून बसलेत. तेव्हा आधी काय वाचावं, रोज किती तास बसावं, डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे मृतदेह उलगडून शिकतात तिथे, चक्कर आली तर काय करावं, आणि जाता जाता, स्टेथोस्कोप कुठला घ्यावा?

पहिल्याचं उत्तर लगेच देते: पुस्तक उघडू नकोस. मी बावीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना अ‍ॅनाटॉमी शिकवते आहे. दरवर्षी काही जण हात-पाय ‘करून’च येतात. महिनाभर ते वर्गात पुढे दिसतात, मग बाकीचे त्यांना गाठतात. आणि त्या काही जणांतल्या निम्म्यांची पुढे पंचाईत होते, कारण वर्गात तो भाग निघाला की ‘हे येतं मला’ म्हणून ते पान उलटतात. येत काहीच नसतं. ओळखीचं असतं, इतकंच.

ओळखीचं असणं आणि येणं यातला फरक कळायला मला स्वतःला आपटावं लागलं. तुझ्यासारखीच मीही कायम वरच्या नंबरात असायचे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या परीक्षेआधी हाताचा सगळा भाग तीनदा वाचून काढला होता, तीन रंगांच्या पेनांनी रेघा मारून. कुठलं वाक्य कुठल्या पानावर, डावीकडे की उजवीकडे, हेसुद्धा सांगता आलं असतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर बसलेल्या सरांनी दंडाचं हाड, ह्यूमरस, माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “कुठल्या बाजूचं?” मी ते फिरवत राहिले. पुस्तकात ह्यूमरस कायम सरळ उभा, उजव्या बाजूचा, शेजारी बाण काढलेला असायचा. हातातल्या हाडाला बाण नव्हते. मी ‘उजवं’ म्हटलं. ते डावं होतं.

मी नापास झाले. पण सरांनी जायच्या आधी एक गोष्ट केली. माझा अंगठा धरून हाडाच्या मागच्या बाजूला टेकवला आणि हळूहळू तिरका खाली सरकवला. तिथे एक उथळ पन्हाळ लागते. “इथून काय जातं?” रेडियल नर्व्ह, म्हणजे त्या नावाचा मज्जातंतू, हे मला पाठ होतं. “मग इथे हाड मोडलं तर?” हे कुठल्याच रंगात अधोरेखित केलेलं नव्हतं. सरांनी स्वतःचा हात पुढे धरला आणि मनगट खाली लोंबू दिलं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंना जाणारी नर्व्हच दुखावली, तर हात असाच लोंबतो. त्यानंतर आजतागायत मला ती पन्हाळ आठवावी लागलेली नाही. अंगठ्याला ठाऊक आहे.

म्हणून मला तुझा खरा प्रश्न ‘काय वाचू’ हा वाटत नाही. आजवर ज्या पद्धतीने पहिला नंबर येत गेला, ती इथे चालेल का, हा आहे. आणि ती चालणार नाही, निदान जशीच्या तशी तरी नाही. शाळेत अभ्यासक्रम संपायचा. संपवून, उजळणी करून, वर आणखी उजळणी करून परीक्षेला बसता यायचं. जो जास्त वेळा वाचेल तो पुढे, असा साधा हिशोब होता. मेडिकलचा अभ्यासक्रम संपत नाही. माझाही संपलेला नाही. रोज थोडं राहून जाणार, आणि राहिलं तरी झोप लागली पाहिजे, ही पहिल्या वर्षातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. हुशार मुलांना ती जास्तच अवघड जाते, कारण ‘राहिलं’ या शब्दाची त्यांना सवयच नसते.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगते. तुझ्या कॉलेजात विषयवार शिकवतात, म्हणजे अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री वेगवेगळे, की हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड असं शरीरातल्या एकेका संस्थेचं सगळं एकत्र शिकवतात, यावर बरंच ठरतं. काही ठिकाणी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये सुरू केलेल्या धर्तीवर एखादी केस समोर ठेवून तिच्यातून मुलांनाच शोधायला लावतात. काही ठिकाणी मुलं स्वतः डिसेक्शन करतात, काही ठिकाणी आधीच उलगडून ठेवलेले भाग बघायला मिळतात. तू घरून ये-जा करणार की हॉस्टेलवर राहणार, हेही आहेच. माझं बोलणं विषयवार आणि डिसेक्शनवाल्या पद्धतीतून आलेलं आहे. पण पुढे जे अभ्यासाच्या रीतीबद्दल लिहिते आहे ते कुठेही लागू व्हावं, कारण त्याचा संबंध कॉलेजशी नाही, डोक्याशी आहे.

१८८५ मध्ये हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. तो निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरलो हे मोजायचा. त्याला दिसलं ते असं: विसरणं सुरुवातीला धाडकन होतं आणि नंतर मंदावतं. म्हणजे आज ऐकलेल्या लेक्चरचा मोठा हिस्सा उद्यापर्यंतच गळून जातो. परीक्षेपर्यंत थांबतो कशाला! त्याहून कामाचा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा, २००६ चा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चारदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीनदा, उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं झालं. वाचणारे ४० वर आले, लिहून काढणारे ६१ वर राहिले.

ते पाच मिनिटांनंतरचे ८३ टक्के नीट बघ. फसगत तिथेच आहे. वाचून पुस्तक मिटल्यावर जो ‘झालं बुवा’ असा समाधानाचा भाव येतो ना, तो खरा असतो, पण पाच मिनिटांपुरता. उलट आठवून लिहायला बसलं की अडतं, चिडचिड होते, ‘मला काहीच येत नाही’ असं वाटतं. मुलं नेमकी तिथेच सोडून पुन्हा वाचायला लागतात. अडणं हाच अभ्यास आहे, हे त्यांना पटवण्यात माझा अर्धा सप्टेंबर जातो.

प्रत्यक्षात करायचं काय? लेक्चर झालं की त्याच दिवशी दहा मिनिटं कोरा कागद घेऊन बसायचं. वही बंद. आठवेल ते लिहायचं, काढायचं. मग वही उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. दोन-तीन दिवसांनी तेच पुन्हा, मग आठवड्याने, मग महिन्याने. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, हे याचं उत्तम उदाहरण. मानेतून निघणाऱ्या पाच मुळ्या, सी-५ पासून टी-१ पर्यंत. त्यांचे तीन ट्रंक. प्रत्येकाचे दोन फाटे म्हणून सहा डिव्हिजन. त्यांच्या पुन्हा जोडण्या होऊन तीन कॉर्ड. आणि शेवटी पाच मुख्य नर्व्ह. पहिल्यांदा बघितलं की रेल्वेच्या यार्डाचा नकाशा वाटतो. चित्राकडे तासभर बघत बसलं तरी डोक्यात जात नाही. न बघता काढायला घेतलं की पहिल्यांदा वीस मिनिटं लागतात आणि निम्मं चुकतं. माझ्याकडची मुलं पंधरा दिवसांनी तो दीड मिनिटात काढतात, बोलता बोलता. बोलता बोलता हे महत्त्वाचं. व्हायवा तोंडाने द्यायची असते आणि पुढे आयुष्यभर रुग्णाशी बोलायचं असतं, तेव्हा कुणीतरी एक जोडीदार पकड आणि एकमेकांना विचारा. मीच तेवढी अडते की काय, हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. जोडीदारही अडतोच.

अँकीसारख्या कार्डांच्या अ‍ॅपबद्दल हल्ली दरवर्षी विचारतात. चांगलं आहे, याच तत्त्वावर चालतं. पण दुसऱ्याने केलेली वीस हजार कार्डं उतरवून घेऊ नकोस. कार्ड स्वतः करताना काय विचारण्यासारखं आहे हे ठरवावं लागतं, आणि अर्धं शिकणं त्या ठरवण्यात होतं. शिवाय हाडं, जागा, एकमेकांशी नाती या गोष्टी कार्डावर मावत नाहीत. त्या हातात घ्याव्या लागतात.

‘काय विचारण्यासारखं आहे’ यावर जरा थांबते. सगळं संपणार नाही म्हटल्यावर निवड आली, आणि निवड कशी करायची हे कुणी सांगत नाही. माझी कसोटी एकच: हे बिघडलं तर माणसाला काय होईल? उत्तर ठळक असेल तर ती गोष्ट आधी. मनगटातल्या आठ हाडांत स्कॅफॉइड नावाचं एक चिमुकलं हाड आहे. त्याचे सगळे कंगोरे, खळगे, कोण कुठे चिकटतं याची लांबलचक यादी असते. ती जाऊ दे. पण त्याला रक्त मुख्यत्वे बोटांकडच्या टोकाने मिळतं, हे सोडू नकोस. माणूस पडताना तळहात टेकतो, हे हाड मधोमध मोडतं, आणि मग कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरू शकतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखतं म्हणून आलेल्या माणसाला ‘मुरगळलंय’ म्हणून परत पाठवायचं नसतं, ते यामुळे. बायोकेमिस्ट्रीतही तेच. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज मोडण्याच्या, दहा पायऱ्या आहेत, पण ज्यांवरून मागे फिरता येत नाही आणि जिथे शरीर लगाम ओढतं अशा तीनच. त्या तीन आधी पक्क्या कर, उरलेल्या सात त्यांच्या आधाराने येतात. फिजिओलॉजीत आकड्यांना घाबरू नकोस, गुणाकार करून बघ. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला ७२ ठोके धर, झाले पाच लिटर. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेलं गेलं कुठे, हा प्रश्न एकदा मनापासून पडला की मूत्रपिंडाचं निम्मं प्रकरण त्याच्या मागे चालत येतं.

मग तीन आठवडे रिकामेच घालवायचे का? पुस्तक उघडू नकोस म्हटलं त्याला एक अपवाद करते: शब्द. अ‍ॅनाटॉमीची भीती बरीचशी लॅटिन-ग्रीक नावांची असते, आणि नावं फोडता आली की त्यातला दरारा जातो. ‘फ्लेक्सर कार्पी रेडियालिस’ हा मंत्र नाही. फ्लेक्सर म्हणजे वाकवणारा, कार्पी म्हणजे मनगटाचा, रेडियालिस म्हणजे रेडियस हाडाच्या बाजूचा. नावातच काम आणि पत्ता दोन्ही आले. लाँगस लांब, ब्रेव्हिस आखूड, बायसेप्स दोन डोक्यांचा. बाकी नावं ज्यांनी ठेवली ती माणसं आपल्यासारखीच होती, दिसेल त्याला घरातल्या वस्तूचं नाव देणारी. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली, टिबिया म्हणजे बासरी, कॉक्सिक्स म्हणजे कोकिळेच्या जातीतला पक्षी (ते माकडहाड त्याच्या चोचीसारखं दिसतं म्हणून), मेंदूतला हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा. खुब्याच्या वाटीला अ‍ॅसिटाब्युलम म्हणतात, म्हणजे व्हिनेगर ठेवायची वाटी. रोज पाच-सहा शब्द, तेही गंमत म्हणून. बाकी वेळात झोप, पोहायला जा, आजी-आजोबांशी गप्पा मार.

डिसेक्शन हॉलबद्दल तू भीत भीत एका ओळीत विचारलं आहेस, पण मला वाटतं सगळ्यात जास्त झोप त्यानेच उडाली असेल. चक्कर येऊ शकते. माझ्या वर्गात दर वर्षी एकदोघांना येते, आणि ती पुढे उत्तम सर्जनही झालेली आहेत. भित्रेपणाशी तिचा संबंध नाही. मेंदूतून हृदयाकडे जाणारी वेगस नर्व्ह जोरात काम करते, हृदयाचे ठोके मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. उपाशीपोटी, कोंदट जागेत, गुडघे ताठ करून बराच वेळ उभं राहिलं की हे सहज घडतं. म्हणून खाऊन जा. गुडघे किंचित सैल ठेव, मधून मधून पाय हलव. घाम फुटला, कानात गुणगुण झाली, डोळ्यांसमोर अंधारी येऊ लागली, तर कुणाला काय वाटेल याचा विचार न करता तिथेच खाली बस, जमलं तर आडवं होऊन पाय वर कर. बसायची सोय नसेल तर पायाची अढी घालून मांड्या घट्ट आवळ. रक्त वर सरकायला तेवढ्यानेही मदत होते. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनने डोळे आणि नाक चुरचुरतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर त्या दिवशी चष्मा लाव. हॉलचे कपडे वेगळे ठेव, केस बांधून ने. वास चार-सहा आठवड्यांनी येईनासा होतो. म्हणजे येत असतो, पण तुला नाही, घरच्यांना.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी जरा कडकपणे सांगते. टेबलावर आहे तो माणूस आहे. अनेकदा त्याने स्वतः देहदानाचा अर्ज भरलेला असतो, तोही तुझ्यासारख्या अनोळखी मुलांनी शिकावं म्हणून. तिथे फोन बाहेर काढायचा नाही, फोटो तर नाहीच. घाबरून हसू येतं, ते मला समजतं, त्याला मी रागावत नाही. टिंगलीला रागावते.

आणि त्या टेबलाशी पुस्तक खोटं पडायला लागलं तर गोंधळू नकोस. सोळाव्या शतकापर्यंत युरोपात प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचायचे आणि खाली दुसरा कुणी देह कापायचा. समोरचं आणि ग्रंथातलं जुळलं नाही तर समोरचंच चुकीचं ठरायचं. गेलेनने बहुतेक माकडं आणि इतर प्राणी उलगडले होते, त्यामुळे माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असं शतकानुशतकं शिकवलं गेलं. व्हेसेलियस या अ‍ॅनाटॉमीच्या प्राध्यापकाने स्वतः सुरी हातात घेतली आणि १५४३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जबडा एकाच हाडाचा आहे हे छापून दाखवलं. आजही देह पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत. हे आत्ता, वाचता वाचता करून बघ: अंगठा आणि करंगळीची टोकं जुळव आणि मनगट थोडं आत वाकव. मनगटाच्या मध्यभागी एक दोरी टरारून उठली तर ती पामॅरिस लाँगसची. उठली नाही तरी बिघडलं काही नाही. पुष्कळांना तो स्नायू नसतोच, कधी एकाच हाताला नसतो, आणि पकडीत काही कमीही पडत नाही. सर्जन तर दुसरीकडे लावायला तो खुशाल काढून घेतात. माझ्या डाव्या हाताला नाही.

तास किती? कॉलेजच्या वेळेव्यतिरिक्त रोज अडीच-तीन तास, पण वर सांगितलं तसे, अडखळत आठवायचे. पुस्तक समोर धरून बसलेले आठ तास मी अभ्यासात मोजत नाही. झोप कापून तास वाढवू नकोस, दिवसा शिकलेलं मुरायला झोप लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागलेली मुलं मला व्हायवात दोन प्रश्नांत ओळखू येतात: उत्तर माहीत असतं, सापडत नसतं.

अर्धं पुस्तक संपवलेल्यांचं काय? काहींनी खरंच संपवलं असेल, बरेच जण तसं म्हणत असतील. तुमच्या वर्गात सगळेच कुठून तरी पहिले आलेले आहेत आणि आता त्यातला कुणीतरी एकशे चाळिसावा येणार आहे, हा साधा हिशोब आहे. आपण चुकून इथे आलो, एक दिवस उघडे पडणार, असं वाटायला लागलं तर ते फार जुनं दुखणं आहे. १९७८ मध्ये क्लान्स आणि आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं, तेही यशस्वी बायकांशी बोलून. एखाद्या चाचणीत नापास झाल्याने कुणाचं काही थांबत नाही, पुरावा हे लिहिते आहे. पण दोन आठवडे धड झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं झालं तर ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून अंगावर काढू नकोस. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगून डॉक्टर गाठायचा. आपण डॉक्टर होणार म्हणून आपल्याला डॉक्टर लागत नाही, हा समज या धंद्यात वरपर्यंत आहे आणि त्याने चांगली माणसं गेली आहेत.

राहिला स्टेथोस्कोप. १८१६ मध्ये लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीला लावली, तिथून त्याची सुरुवात. तेव्हा साध्यावरही भागतं. पहिल्या वर्षात तो बहुतेक कपाटातच राहील, त्यामुळे आत्ता घेऊच नकोस, कॉलेजात सीनियर काय वापरतात ते बघून घे. घेशील तेव्हा नळीवर पक्क्या शाईने नाव लिही. वॉर्डात बिननावाचा स्टेथोस्कोप पहिल्या महिन्यातच दुसऱ्याच्या गळ्यात जातो. माझे आतापर्यंत चार गेलेत.